परदेशातून बी-रोप मागवताय? आधी हे करा, मग ऑर्डर मारा

तीन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन सेलरकडून ग्राफ्टेड ॲडेनियम (फुगीर खोडाचं शोभेचं झाड, कलम केलेलं) मागवलं होतं, खाली ठळक अक्षरात 'इम्पोर्टेड, थायलंड'. किंमत बघून बायको काहीच बोलली नाही, म्हणजे जे बोलायचं ते बोलून झालं होतं. पार्सल आलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मुळं कोरडी, मातीचा कण नाही, मी म्हटलं वा, प्रोफेशनल माणूस दिसतोय. दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडायला लागली, मी आपला पाणी कमी कर, खत बदल, ऊन बदल असं करत बसलो, आणि शेवटी कुंडी उलटी केली तर मुळांवर रवा सांडल्यासारखं पांढरं. पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टचं भिंग आणून बघितलं तर तो रवा चालत होता. मुळांवरचे पिठ्या ढेकूण! तोवर निथळलेल्या पाण्याबरोबर ते शेजारच्या ताटल्यांत पोचलेले, एकूण अकरा कुंड्या गेल्या. सेलरला विचारलं की बाबा याचे क्वारंटाइनचे कागद कुठेत, तर उत्तर आलं, 'सर, आमच्याकडून सगळे असेच घेतात.'

सगळे असेच घेतात हीच तर गंमत आहे. मग मी खोदकाम सुरू केलं, रोपांच्या आयातीची सरकारी ऑर्डर वाचली, दोन-तीन लोकांना पिडलं, आणि आता बिल्डिंगमधला 'रोपांचे कागद' या विषयातला माणूस मीच झालोय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय नियम म्हणजे नुसती कटकट वाटते

गाजर गवत सगळ्यांना माहितीये, कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचं अमेरिका खंडातलं, आणि भारतात ते ठळकपणे नजरेत आलं ते आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. 'पीएल-४८० च्या गव्हातून आलं' असं सगळे सांगतात, पण तो अमेरिकेबरोबरचा धान्याचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे तारखा काही नीट जुळत नाहीत. अमेरिकेतून गहू त्याच्या आधीही, १९५१ पासून येत होता, तेव्हा धान्यातून आलं असणं अगदी शक्य आहे, फक्त त्या एका कराराच्या माथी सगळं मारू नका. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. एवढं बी पोत्यातल्या गव्हात कोण निवडणार?

पण ते निदान चुकून आलं. घाणेरी (टणटणी म्हणा) १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी मुद्दाम आणली गेली. जलपर्णी पण फुलं जांभळी, देखणी म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आली, आणि आज पवना, इंद्रायणी, पंचगंगा बघा. म्हणजे इतिहासात गुन्हेगार कोण, तर आपल्यासारखेच हौशी माळी. तस्कर बिस्कर कुणी नाही.

किडींचं वेगळंच. टोमॅटोवरची टुटा, पानं-फळं पोखरणारी अळी, २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली ती महाराष्ट्रात, पुणे भागात. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला दिसली आणि त्याच वर्षी इकडे सोलापुरात पोचली, तिचे पतंग तर उडतच येतात, त्यांना कुठला विमानतळावरचा कस्टम-तपासणीचा रेड चॅनल.

पायरी १: नाव शोधा, म्हणजे खरं नाव

सेलर जे नाव लिहितो ते विसरा. 'सिंगापूर डेझी' म्हणून जे पिवळ्या फुलांचं ग्राउंड कव्हर मिळतं ते वेडेलिया, स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, जगातल्या सगळ्यात वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, घाणेरी आणि जलपर्णीच्या पंक्तीला. सोसायट्यांच्या गार्डनमध्ये आपण ते पैसे देऊन लावतो. फाउंटन ग्रास दिसायला झकास, पण हवाई बेटांवर त्याने धुमाकूळ घातलाय. तेव्हा लॅटिन नाव मागा, सेलरला देता येत नसेल तर तिथेच थांबा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्या नावावर चालते.

नाव मिळालं की त्याच्यापुढे 'इन्व्हेसिव्ह' आणि 'वीड' असे दोन शब्द टाकून सर्च करा. ऑस्ट्रेलियावाले नवीन वनस्पती आत घ्यायची की नाही हे ठरवताना ४९ प्रश्नांची परीक्षा घेतात, एवढं आपल्याच्याने होणार नाही, मी त्यातून माझ्यापुरते पाच काढलेत. जगात दुसरीकडे कुठे ते तण झालंय का? तिथलं हवामान आपल्यासारखं, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, असं आहे का? तुटलेल्या तुकड्यातून रुजतं का? बी वाऱ्यावर, पाण्यातून किंवा पक्ष्यांच्या पोटातून जातं का? आणि गुरं-शेळ्या तोंड लावतात का, का बघून पुढे जातात? पहिल्याचं उत्तर हो आलं आणि बाकीच्यातलं एक जरी विरोधात गेलं तरी मी ते झाड सोडून देतो. हा माझा अंगठानियम आहे, शास्त्र नाही, पण जलपर्णी आणि घाणेरी दोघी यात नापास होतात, म्हणजे चाळणी अगदीच वाईट नाही.

एक सांगायचं राहिलं, बी आधीच भारतात मिळतंय म्हणून ते निरुपद्रवी असं नसतं. सप्टेंबरात पुण्याच्या टेकड्यांवर जे केशरी-पिवळे पट्टे दिसतात आणि लोक त्यात उभं राहून फोटो काढतात, ते कॉसमॉस, मूळ मेक्सिकोचं. त्याखाली आपली तेरडा, सोनकी गुदमरतात. आणि अजूनही कुणीतरी हौसेने त्याच्या बिया टेकडीवर उधळतंच.

पायरी २: कायद्यात ते कुठे बसतं ते बघा

मूळ कायदा १९१४ चा, विध्वंसक कीटक आणि उपद्रवी जीवांबद्दलचा, आणि त्याखाली आजचे नियम म्हणजे २००३ ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर. सगळं चालवतं फरीदाबादचं केंद्रीय वनस्पती संरक्षण संचालनालय. ऑर्डरला शेड्यूल आहेत आणि तीच महत्त्वाची. चौथ्यात ज्या देशातून जे आणायला बंदी आहे ते. पाचव्यात फक्त ठरावीक संस्थांच्या शिफारशीनेच येणारं. सहाव्यात जास्तीच्या अटींवर येणारं, लागवडीचा बहुतेक माल इथे सापडतो. सातव्यात खाण्यासाठी किंवा कारखान्यात प्रक्रियेसाठीचा माल. आठव्यात क्वारंटाइनची तणं, म्हणजे ज्यांचं बी मालात सापडता कामा नये.

आता नीट वाचा, इथेच लोक चुकतात. तुमचं झाड यादीत नाही याचा अर्थ 'मोकळं आहे' असा नाही, उलटा आहे! यादीत नसेल तर आधी त्याचा कीड-धोका अभ्यास व्हावा लागतो, तोवर ते येऊ शकत नाही. आणि देशही बघा, तेच झाड एका देशातून चालतं, दुसऱ्यातून चालत नाही.

निवडुंग किंवा ऑर्किड असेल तर आणखी एक डोकेदुखी, साइटिस. सगळी ऑर्किडं आणि जवळजवळ सगळी निवडुंगं त्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, त्यामुळे त्याचे कागद वेगळे. शिवाय वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू, त्यात आक्रमक परकीय प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं यावर बंधन घालायचा अधिकार केंद्राला मिळालाय. म्हणजे उद्या तुमच्या बाल्कनीतली एखादी वेल पण त्यात येऊ शकते.

पायरी ३: इम्पोर्ट परमिट, ऑर्डरच्या आधी

आधी पैसे भरायचे आणि मग परमिट शोधायचं, हे उलटं काम करू नका. अर्ज ऑनलाइन होतो, प्लांट क्वारंटाइनच्या सरकारी पोर्टलवर. खाण्यासाठीचा माल आणि पेरणी-लागवडीचा माल यांचे फॉर्म वेगळे आहेत, चुकीचा भरलात तर सगळं पुन्हा. वनस्पतीचं लॅटिन नाव, कुठल्या देशातून, किती, कुठून आत येणार, हे सगळं लागतं. लागवडीचा माल कुठल्याही विमानतळावरून येत नाही, २००३ च्या मूळ ऑर्डरमध्ये अमृतसर, चेन्नई, कोलकाता, मुंबई, दिल्ली ही ठिकाणं ठरवून दिली होती, आपल्यासाठी अर्थातच मुंबई. परमिट दुसऱ्याच्या नावावर फिरवता येत नाही, म्हणजे 'माझ्या मित्राचं परमिट आहे, त्यात तुझं पण टाकू' हा प्रकार बंद.

परमिट हातात आलं की त्यावरच्या अटींचा फोटो काढून सेलरला पाठवा, कारण त्याच्या देशाच्या सर्टिफिकेटवर तीच वाक्यं यायला हवीत.

खरं सांगू का, दोन पाकिटं बियांसाठी हे सगळं करणं झेपत नाही. मला पण नाही झेपलं, मी आता इथल्याच नर्सरीतनं घेतो. दहा-बारा लोकांनी मिळून परवानाधारक आयातदाराला गाठणं त्यापेक्षा बरं, फक्त त्याचे कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पायरी ४: सेलरकडून काय मागायचं

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचा दाखला. सगळे 'फायटो' म्हणतात. ते पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी वनस्पती संरक्षण खात्याने दिलेलं लागतं, नर्सरीच्या लेटरहेडवर 'आमची रोपं निरोगी आहेत' असं छापून सही ठोकलेलं नाही. त्यावर लॅटिन नाव, नग, मूळ देश, काय प्रक्रिया केली ते सगळं असतं, आणि परमिटमधल्या अटींशी ते शब्दाला शब्द जुळायला लागतं.

माती चालत नाही. अजिबात नाही, चमचाभर पण नाही. माती, कंपोस्ट, वाळू, पालापाचोळा काही नको, मुळं धुतलेली पाहिजेत. यामागचं कारण समजून घ्यायचं असेल तर केळीचा पनामा रोग बघा, टीआर-४ नावाचा प्रकार, बिहारात कटिहारकडे सापडलाय. ती बुरशी मातीत दशकानुदशकं पडून राहते आणि कंदाला चिकटलेल्या मातीतून गावोगाव जाते. आता रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा चमचाभर माती म्हणजे किती. (माझं ॲडेनियम मातीशिवायच आलं होतं, तरी ढेकूण आलेच, तेव्हा धुतलेलं मूळ म्हणजे निम्मंच काम.)

पॅकिंगला गवत-पेंढा नको. लाकडी खोकं असेल तर त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि 'एचटी' अशी अक्षरं शोधा, म्हणजे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे. जुन्या पॅलेटच्या लाकडाच्या कुंड्या करायची सध्या फॅशन आहे ना, तिथेही हाच शिक्का बघा, आणि 'एमबी' दिसलं तर ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड, त्यात मी तरी कोथिंबीर लावणार नाही.

पायरी ५: येताना लपवू नका

सिंगापूर-बँकॉकहून येताना बॅगेत चार कांड्या टाकणारे माझ्या ओळखीतच अर्धा डझन निघतील, ड्रॅगनफ्रूटच्या काय, अंजिराच्या काय. कस्टमच्या जाहीरनाम्यात बी, रोप, फळं, फुलं यांचा वेगळा प्रश्न असतो, त्यावर 'हो' म्हणा आणि रेड चॅनलने जा. क्वारंटाइनवाले तपासतात, नमुना घेतात, मग चारपैकी एक होतं: सोडतात, धुरी-औषध देऊन सोडतात, परत पाठवतात किंवा नष्ट करतात, आणि खर्च तुमचा.

आता यंत्रणा का अपुरी पडते तेही सांगतो, नुसतं सरकारला नावं ठेवून काही होत नाही. व्हायरस झालेली कांडी दिसायला ठणठणीत असते, डोळ्याने काय दिसणार. किडीची अंडी खोडाच्या खाचेत. टपालाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं 'इअरिंग्ज'. हे खरंच झालंय, २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये हजारो लोकांना न मागवलेली बियांची पाकिटं आली, बऱ्याच पाकिटांवर चीनचे शिक्के आणि दागिने म्हणून लेबल, आणि ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केलं होतं. खोट्या ऑर्डरी दाखवून रेटिंग वाढवायचा तो धंदा असावा असं अमेरिकन कृषी खात्याचं म्हणणं पडलं. आणि मला सगळ्यात मोठी भेग वाटते ती अशी, की तपासणीचा सगळा भर झाडाबरोबर काय येतंय यावर असतो, ते झाडच उद्या तण होईल का हा प्रश्न मागे राहतो. घाणेरी आज आली असती तर निरोगी म्हणून पास झाली असती.

असं न मागवलेलं पाकीट तुम्हाला आलं तर पेरू नका, फ्लश करू नका, कंपोस्टमध्ये टाकू नका. वरचं वेष्टण, स्टॅम्प सकट दुसऱ्या पिशवीत सील करून कृषी विभागाच्या कार्यालयात द्या.

पायरी ६: घरचं क्वारंटाइन

कायद्यातलं क्वारंटाइन वेगळं असतं, लागवडीच्या बऱ्याच मालाला आत आल्यावर ठरावीक काळ मान्यता असलेल्या जागेत वेगळं वाढवावं लागतं आणि नेमलेला अधिकारी येऊन बघतो, कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र-रोगशास्त्रवाल्यांना वगैरे हे अधिकार दिलेले असतात. जागेची मान्यता आधीच घ्यायची असते, रोपं दारात आल्यावर नाही.

मी सांगतोय ते घरगुती, आणि हे परदेशी रोपालाच नाही, कोपऱ्यावरच्या नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीलाही लागू. माझ्याकडे गच्चीच्या पाण्याच्या टाकीमागे एक कोपरा आहे, बायको त्याला 'माहेरघर' म्हणते. नवीन रोप तिथे सहा आठवडे, बाकीच्यांपासून दहा फूट तरी लांब, खाली स्वतंत्र ताटली, आणि त्या ताटलीतलं पाणी बाथरूमच्या मोरीत, दुसऱ्या कुंडीत कधीच नाही. कात्री वेगळी, नसेल तर प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसून. शेजारी एक पिवळा चिकट सापळा टांगा, पांढरी माशी असेल तर आठवड्यात कळतं.

दर रविवारी दहापट भिंग घेऊन पानाची खालची बाजू, पानाचा बेचका, खोड मातीला जिथे भिडतं ती जागा, या तीन ठिकाणी बघा, पानाच्या वरच्या बाजूला बघून काही उपयोग नाही. चिकचिकीत लागलं किंवा मुंग्यांची रांग दिसली तर वर कुणीतरी रस पितंय हे नक्की. आणि चौथ्या आठवड्यात रोप कुंडीतून अलगद काढून मुळं बघा! मी हे एकदा केलं असतं तर अकरा कुंड्या वाचल्या असत्या. कीड मिळाली तर फोटो काढा, रोप पिशवीत बांधून फेका, मायेने औषध मारत बसू नका. मातीचं मिश्रण ओलं करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर तापवलं तर परत वापरता येतं.

पायरी ७: फेकताना

लोक आणताना चुकतात त्यापेक्षा फेकताना जास्त चुकतात. मासे मेले, टाकी विकायची, मग त्यातली पाणवनस्पती दे कॅनॉलमध्ये ओतून. साल्व्हिनिया, गोंडाळ, जलपर्णी, काबोंबा काही असो, सिमेंटवर पसरून कुरकुरीत वाळू द्या आणि मगच कचऱ्यात. नदीकाठी ढीग लावून जाऊ नका, पहिल्या पावसात ते घरी परत जातं. जलपर्णीचं बी चिखलात वीस वर्षंही टिकतं.

गाजर गवत फुलोऱ्याच्या आधी उपटा, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना मुळासकट येतं. हातमोजे आणि फुल बाह्या पाहिजेतच, अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो लोकांना. फुलाआधीचं हिरवं कंपोस्टला चालतं, फुललेलं नाही. आणि पानं जाळीदार कुरतडलेली दिसली, त्यावर पिवळट-पांढरे, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले, तर त्यांना मारू नका, ते मेक्सिकन भुंगेरे आपणच १९८३ मध्ये बेंगळुरूला आणले, हेच गवत खायला. म्हणजे परदेशी पाहुणा आणणं कायम वाईटच असं नाही, पपईच्या पिठ्या ढेकणावर पण २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या आणि त्यांनी काम केलं. फक्त ते आणायच्या आधी लोकांनी प्रयोगशाळेत बंद करून तपासलं होतं, बॅगेत टाकून नव्हतं आणलं.

उलटा प्रवास

सिडनी, मेलबर्नला लेकीकडे जाणारे आई-बाबा हमखास विचारतात, म्हणून. कढीपत्ता, ओली हळद, लावायला तुळशीचं बी, गावचा तांदूळ, असलं काही बॅगेत भरू नका. तिथे 'खपरा'ची प्रचंड भीती आहे, धान्यातला खपरा भुंगेरा, हो, आपलाच शब्द आणि आपल्याच भागातली कीड, त्यामुळे तांदूळ-डाळी-मसाल्याच्या बिया प्रवाशांकडून घेत नाहीत, अमेरिकेतही तांदळाला तीच अडचण. शंका असेल ते तिथे उतरताना भरायच्या प्रवासी-कार्डावर सरळ लिहा, लिहिलेलं असेल तर फार तर ते काढून घेतात, लपवलेलं सापडलं की दंड. माझ्या मावशीने कार्डावर 'हो' केलं, ऑफिसरने डबा उघडला, पुरणपोळ्यांचा वास घेतला, विचारलं यात बी आहे का, ती म्हणाली वेलची आहे पण दळलेली. पोळ्या गेल्या आत, हळकुंडं राहिली तिथल्या डब्यात.

नवीन काही दिसलं तर

पिकावर किंवा टेकडीवर कधी न बघितलेलं तण, कीड दिसली तर उपटून टाकायच्या आधी चार फोटो काढा: पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल किंवा कीड जवळून, आणि शेजारी नाणं ठेवून एक, म्हणजे आकार कळतो. तारीख आणि जागा लिहा, लोकेशन चालू ठेवून काढलात तर उत्तमच. ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात पाठवा. कीड जिवंत घेऊन जाऊ नका, छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून न्या. आमच्याकडच्या माणसाला मी मुळांवरचे ढेकूण तसेच नेऊन दाखवले, प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण अर्धवट, आणि तो टेबलापासून दोन फूट मागे सरकला.